सांगलीत चाललेला सिनेमा तासगावात का थांबला? १९१८ च्या कायद्याचा माग कसा काढावा

सांगलीतील एका वाचकाने विचारलेला प्रश्न असा: "माझे पणजोबा १९२० ते १९३५ च्या सुमारास सातारा-सांगली भागात तंबू लावून सिनेमा दाखवत. आजी सांगते की शिवाजी महाराजांवरचा एक मूकपट सांगलीत बरेच दिवस चालला, पण तोच तासगावात रथोत्सवाच्या वेळी लावला तेव्हा दुसऱ्या दिवशी फौजदाराने येऊन खेळ थांबवला. त्या काळी साताऱ्याचे सेन्सॉर बोर्ड वेगळे आणि सांगलीचे वेगळे होते का? असल्यास त्यांची दप्तरे कुठे मिळतील?"

प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण घरातल्या आठवणीचा कागदाशी ताळा घ्यावा असे वाटणारी माणसे कमी भेटतात. थेट उत्तर द्यायचे तर साताऱ्यात सेन्सॉर बोर्ड कधीच नव्हते आणि सांगलीतही १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखालचे बोर्ड नव्हते. आपल्या भागापुरते बोर्ड एकच होते आणि ते मुंबईत बसत असे. परंतु एवढ्यावर थांबलो तर आजीची आठवण चुकीची आहे असा अर्थ निघेल, आणि तसे मला मुळीच म्हणायचे नाही. चित्रपट कोणी तपासला हा एक प्रश्न आहे आणि तो दाखवू कोणी दिला नाही हा दुसरा. आपल्या प्रश्नात ते एकमेकांत मिसळले आहेत. बोर्ड चित्रपट तपासत असे, पण तंबूवाल्यावर प्रत्यक्ष अंमल चाले तो परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचा. म्हणून आपण बोर्डाच्या मागे न लागता परवान्याच्या मागे जावे, असे माझे सांगणे आहे.

हे मी पुस्तकी अंदाजाने म्हणत नाही. साताऱ्यात तीसहून अधिक वर्षे वकिली करताना चित्रपटगृहांचे आणि फिरत्या सिनेमांचे परवाने, त्यांची नूतनीकरणे आणि त्यांवरची अपिले हे माझ्या कामाचे मोठे अंग होते. पक्षकार जुने कागद पिशवीत भरून आणत आणि मी ते उलगडून वाचत असे. त्या कागदांत वाळूच्या बादल्या, पाण्याची पिंपे, बाहेर उघडणारी दारे, यंत्राची स्वतंत्र खोली आणि रिळे ठेवण्याचे धातूचे डबे यांच्या अटी ओळीने येत, आणि त्यांच्याच रांगेत आणखी एक अट असे, ती म्हणजे प्रमाणपत्र नसलेला चित्रपट दाखवू नये. आगीची बादली आणि चित्रपटातला मजकूर एकाच कागदावर का, हा प्रश्न मला वकिलीच्या पहिल्याच वर्षी पडला होता आणि त्याचा माग घेता घेता मी १९१८ च्या कायद्यापर्यंत पोहोचलो.

आगीपासूनच सुरुवात करावी लागते. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई आणि एकदा पेटली की तिच्या ज्वलनातूनच प्राणवायू निघत असल्याने पाण्याखालीही जळत राही. दिवा कार्बनच्या कांड्यांचा, अतिशय प्रखर. हाताने फिरवायचे यंत्र क्षणभर अडले आणि फिल्म त्या उजेडासमोर थांबली तरी भडका उडू शके. १८९७ च्या मे महिन्यात पॅरिसमधील एका धर्मादाय बाजारात सिनेमाच्या यंत्राच्या दिव्यासाठी वापरलेल्या ईथरमुळे आग लागली आणि शंभरावर माणसे दगावली. पुढे ब्रिटनने १९०९ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा केला तो ज्वालाग्राही फिल्म दाखविण्याच्या जागांना परवाना लावण्यासाठी. चित्रपटात काय असावे याविषयी त्यात काही नव्हते. पण परवान्यात अटी घालण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला होता. लंडन कौंटी कौन्सिलने रविवारी खेळ बंद ठेवण्याची अट घातली, लंडनच्याच बर्मंडसी भागातल्या एका कंपनीने ती मोडली, आणि न्यायालयाने निकाल दिला की परवान्याच्या अटी केवळ आगीपुरत्या असल्या पाहिजेत असे नाही. हा निकाल मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा वळणबिंदू वाटतो. रविवारची अट चालते म्हटल्यावर अमुक चित्रपट दाखवू नका ही अटही घालता येते, हे तिथल्या व्यावसायिकांनी ओळखले. नगरोनगरी वेगवेगळ्या अटी पाळाव्या लागू नयेत म्हणून त्यांनी स्वतःच १९१२ मध्ये एक तपासणी मंडळ उभारले आणि १९१३ च्या आरंभापासून ते काम करू लागले.

हिंदुस्थानात मजकुरावरचे नियंत्रण मात्र असे आडवाटेने आले नाही, कारण नाटकांच्या बाबतीत सरकारला त्याचा अनुभव आधीच होता. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा बंगाली रंगभूमीवरील राजकीय प्रयोगांच्या निमित्ताने झाला होता. सांगलीकरांना त्याचे दुसरे टोक ठाऊक असायला हवे. सांगलीतच जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले, प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. या दोन सनांमधले अंतर लक्षात घ्यावे. नाटक आधी रंगले, गाजले, गावोगाव गेले आणि मग बंदी आली. पौराणिक कथेतून राजकारण बोलता येते आणि सरकारच्या हाती त्यावर जो उपाय आहे तो प्रयोग झाल्यानंतरचा आहे, हे त्या प्रकरणात उघड झाले. नाटक मंडळी एका वेळी एकाच गावात असते, पण चित्रपटाच्या प्रती एकाच दिवशी दहा गावांत लागू शकतात. त्यामुळे चित्रपट आधी पाहून मगच सोडावा, असा विचार सरकारी पातळीवर बळावला तर त्यात नवल नाही.

१९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा या दोन्ही धाग्यांनी विणलेला आहे आणि आपल्या पणजोबांच्या दृष्टीने त्याची रचना नीट समजून घेणे आवश्यक आहे. या कायद्याने परवाना नसलेल्या जागी सिनेमा दाखविण्यास मनाई केली, आणि 'जागा' या शब्दाच्या व्याख्येत तंबूचाही समावेश केला. म्हणजे जत्रेतला तंबू कायद्याच्या बाहेर राहिला असेल ही शक्यता पहिल्याच पायरीवर संपते. परवाना देणारा अधिकारी इलाख्याच्या राजधानीत पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपला कलेक्टर. परवाना देताना दोन गोष्टी पाहायच्या: प्रेक्षकांच्या सुरक्षिततेची व्यवस्था झाली आहे का, आणि प्रमाणपत्र नसलेला चित्रपट दाखवणार नाही ही अट घातली आहे का. अट मोडल्यास दंड एक हजार रुपयांपर्यंत, गुन्हा चालू राहिल्यास पुढे दर दिवशी शंभर रुपयांपर्यंत, शिवाय परवाना रद्द होण्याची टांगती तलवार. तंबूवर पोट असलेल्या माणसाला एक हजार रुपये म्हणजे काय, याचा विचार केला की फौजदार दारात आल्यावर पणजोबांनी वाद न घालता पडदा का उतरवला असेल हे समजते.

प्रमाणपत्राचे काम प्रांतिक सरकारने नेमलेल्या बोर्डाकडे होते. १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे अशी बोर्डे सुरू झाली. लाहोरचे नंतर आले. बोर्डातले निम्म्याहून अधिक सदस्य सरकारी नोकरीतले असू नयेत असे कायदा सांगत होता, तरी मुंबईत अध्यक्षपद पोलीस आयुक्ताकडेच असे, यावरून त्या व्यवस्थेचा कल ध्यानात येतो. एका बोर्डाचे प्रमाणपत्र साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात चाले. मात्र कोणत्याही प्रांताचे सरकार आपल्या हद्दीत किंवा तिच्या एखाद्या भागात तो चित्रपट 'अप्रमाणित' ठरवू शके, आणि जिल्हा दंडाधिकारी सरकारचा हुकूम येईपर्यंत आपल्या जिल्ह्यापुरते प्रमाणपत्र तहकूब करू शके. म्हणजे मुंबईत पास झालेला चित्रपट साताऱ्याच्या कलेक्टरच्या एका आदेशाने साताऱ्यापुरता बंद होऊ शकत होता. प्रमाणपत्र नाकारले गेल्यास अर्ज करणाऱ्याला तीस दिवसांत सरकारकडे अपील होते. पण अर्ज करणारा म्हणजे निर्माता किंवा वितरक. तंबूवाला त्या कार्यवाहीत कुठेच नव्हता, तरीही दंड भरण्याची पाळी येई ती त्याच्यावरच. परवान्याची कामे करताना कायद्याची ही बाजू मला नेहमी खटकत आली आहे.

तहकुबीच्या अधिकाराचा उपयोग कसा होई याचे गाजलेले उदाहरण म्हणजे १९२१ चा 'भक्त विदुर'. द्वारकादास संपत यांच्या कोहिनूर कंपनीने काढलेल्या या मूकपटात विदुराचा वेष आणि वावर पाहून लोकांना गांधीजी दिसले. चित्रपट मुंबईत चालला. मद्रास इलाख्यात आणि कराचीत मात्र तो बंद केला गेला. एकच चित्रपट, एकच प्रमाणपत्र, पण हद्द बदलली की निकाल वेगळा. आपल्या आजीच्या आठवणीतही हीच गोष्ट आहे, फक्त तिथे प्रांतांऐवजी पंधरा-सोळा मैलांचे अंतर आहे.

हे अंतर इतके कमी असूनही निर्णायक का ठरले, हे समजण्यासाठी आजचा जिल्ह्याचा नकाशा बाजूला ठेवावा लागेल. त्या काळी सांगली जिल्हा अस्तित्वातच नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधी तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात होते, तर सांगली, मिरज आणि जत ही संस्थाने होती. आटपाडी औंध संस्थानात, कुंडलही औंधचे, आणि किर्लोस्करवाडीही औंधच्याच भूमीवर वसलेली. तंबू घेऊन निघालेला माणूस एका आठवड्यात दोन-तीन राजवटींतून जात असे. १९१८ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानाचा होता, संस्थानांना तो आपोआप लागू नव्हता. सांगलीत खेळ लावायचा तर परवानगी दरबाराची, तासगावात लावायचा तर साताऱ्याच्या कलेक्टरची. त्यामुळे सांगलीत चाललेला खेळ तासगावात थांबणे कायद्याने पूर्णपणे शक्य होते, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

त्यावरून सांगलीत 'न कापलेला' चित्रपट दिसत होता असा निष्कर्ष मात्र काढू नये. अनेक जण तो काढतात, म्हणून इथे थोडे थांबतो. चित्रपटाचा खरा बाजार मुंबई-पुण्याचा होता. मुंबईच्या वितरकाकडून येणारी प्रत आधीच तपासून, कापून आलेली असे, आणि तीच संस्थानांतही फिरे. १९३० मधला प्रभातचा 'उदयकाल' याची साक्ष देतो. शिवाजी महाराजांवरचा हा मूकपट कोल्हापुरात, म्हणजे संस्थानी हद्दीत तयार झाला, महाराजांची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली, आणि त्याच्या मूळ नावात 'स्वराज्य' हा शब्द होता. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे नाव बदलावे लागले. चित्रपट कोल्हापूरचा, पण नाव ठरले मुंबईच्या बोर्डाच्या मर्जीने, कारण ब्रिटिश हद्दीत पडद्यावर आणायचा तर प्रमाणपत्राशिवाय गत्यंतर नव्हते. पुढे १९३५ मध्ये एकनाथ महाराजांवरच्या 'महात्मा' या बोलपटाचे नावही असेच 'धर्मात्मा' झाले. त्यात एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व होते, म्हणजे आपल्याच कृष्णाकाठच्या नागठाण्याचे. संतचरित्राच्या नावातही 'महात्मा' हा शब्द अधिकाऱ्यांना नको वाटावा, इतका तो शब्द तोवर एकाच व्यक्तीशी जोडला गेला होता.

आजीच्या आठवणीतला चित्रपट 'उदयकाल'च असेल का? शिवचरित्रावर त्या काळात एकाहून अधिक मूकपट निघाले, त्यामुळे केवळ विषयावरून ते ठरवता येत नाही. आजींना जुने नाव आठवते की नवे, हे अवश्य विचारा. साल १९३० च्या आसपासचे ठरले तर तासगावच्या घटनेला आणखी एक संदर्भ मिळतो. त्या वर्षी सातारा जिल्ह्यात जंगल सत्याग्रह पेटला होता, बिळाशीचे बंड त्याच वर्षाचे. अशा दिवसांत रथोत्सवाच्या गर्दीत शिवाजी महाराजांचा चित्रपट म्हणजे अधिकाऱ्यांना दुहेरी धास्ती वाटली असणार.

आता 'दुसऱ्या दिवशी' या तपशिलाकडे येतो. माझ्या मते आपल्या प्रश्नातला हा सर्वांत मोलाचा शब्दप्रयोग आहे. पहिल्या दिवशी खेळ झाला, याचा अर्थ परवाना बहुधा हाती होता; नसता तर रथोत्सवाच्या बंदोबस्तात तंबूच उभा राहू दिला नसता. मग दुसऱ्या दिवशी काय बदलले? एक शक्यता म्हणजे कलेक्टरने प्रमाणपत्र तहकूब केले. तसे असेल तर त्याने कारणांसह आदेशाची प्रत सरकारकडे पाठवली असणार, आणि हा माग आपल्यासाठी सर्वांत उत्तम. दुसरी शक्यता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ ची: गर्दी, तंटा किंवा शांतताभंगाची भीती दाखवून मनाई हुकूम काढणे. यात चित्रपटाचा मजकूर कागदावर येईलच असे नाही. तिसरी शक्यता अगदी साधी आहे आणि माझ्या अनुभवात तीच वारंवार आढळते. तात्पुरत्या परवान्याची मुदत संपलेली असते, किंवा यंत्राच्या खोलीत, दारांत, रिळांच्या डब्यांत काही उणीव निघते, आणि घरच्या आठवणीत मात्र ती 'सरकारने सिनेमा बंद पाडला' अशी राहते. आणखी एक गोष्ट तपासण्यासारखी आहे. प्रमाणपत्र मिळालेल्या फिल्मवर ठरलेल्या पद्धतीने खूण करावी लागे. सांगलीत चाललेली प्रत जर मुंबईला न जाता कोल्हापूरहून थेट आली असेल, तर तिच्यावर ती खूण नसेल; संस्थानात ते चालून गेले असेल आणि तासगावात पहिल्या खेळानंतर कोणाच्या तरी लक्षात आले असेल. यांतली कोणती शक्यता खरी, हे कागद पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. फक्त घटना १९२० च्या आधीची निघाली, तर प्रमाणपत्राशी जोडलेल्या शक्यता बाद होतात आणि मनाई हुकुमासारखी कारणे शिल्लक राहतात.

हे सारे परक्या सरकारचे दडपशाहीचे हत्यार होते का, असा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो मनात येणारच. 'स्वराज्य' आणि 'महात्मा' हे शब्द खोडणाऱ्या व्यवस्थेला दुसरे काय म्हणावे? तरीही चित्रपट आधी तपासण्याची कल्पना जगभर एकाच दशकात पसरली, हे विसरू नये. शिकागोत १९०७ पासून पोलिसांची परवानगी लागे, स्वीडनने १९११ मध्ये राष्ट्रीय तपासणी मंडळ स्थापले, आणि ओहायो राज्याच्या सेन्सॉर कायद्यावर निकाल देताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये चित्रपट हा निव्वळ व्यवसाय मानून त्याला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले. आपल्याकडचा फरक असा की लोकांना काय पाहू द्यावे हे ठरवणारे सरकार लोकांनी निवडलेले नव्हते.

थोडक्यात, आपल्याला चित्रपटाचे नाव, शक्य तितके नेमके साल आणि तासगावात दाखवलेले कारण या तीन गोष्टी शोधायच्या आहेत. सालासाठी रथोत्सव उपयोगी पडेल, कारण तो गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असतो आणि जुन्या पंचांगावरून तारीख निघते. तारीख हाती आली की त्या आठवड्याची स्थानिक आणि पुण्याची वृत्तपत्रे चाळावीत. तहकुबीचा आदेश निघाला असेल तर त्याचा माग मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात, त्या काळच्या गृह खात्याच्या कागदांत घ्यावा. सांगली दरबाराच्या बाजूसाठी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात चौकशी करावी, आणि चित्रपटाची जाहिरातपत्रके व छायाचित्रे यांसाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात. चित्रपटांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या १९२७-२८ च्या रंगाचारियार समितीच्या साक्षींचे खंडही अवश्य पाहावेत. समितीने ४,३२५ प्रश्नावल्या पाठवल्या आणि ३५३ जणांच्या साक्षी घेतल्या. चित्रपट दाखविणाऱ्यांची बाजू त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळेल असे दुसरे साधन त्या काळातले मला माहीत नाही. समितीने साऱ्या देशासाठी एक मध्यवर्ती बोर्ड सुचवले होते, पण ते प्रत्यक्षात यायला १९५१ उजाडले. परवाना मात्र राज्याकडेच राहिला. आजही चित्रपटाला मान्यता देणे संविधानाने केंद्राकडे ठेवले आहे आणि चित्रपटगृहे राज्याकडे, त्यामुळे साताऱ्यात परवान्यासाठी अजूनही कलेक्टर कचेरीचाच जिना चढावा लागतो.

या सगळ्याच्या आधी घरातली ट्रंक उघडा. पणजोबांच्या वस्तूंत परवान्याचा एखादा कागद असेल तर तो आधी उलटून पाहा. मी पाहिलेल्या जुन्या परवान्यांच्या पुढच्या बाजूला छापील अटी असत. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याचा शेरा, तारीख आणि सही हे सारे मागच्या कोऱ्या बाजूवर हाताने लिहिलेले असे. तासगावचा फौजदार त्या दिवशी काही लिहून गेला असेल, तर ते तिथेच असण्याचा संभव अधिक आहे. कागद मोडीत असेल तर दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे इथे टाकावीत, मी वाचून देईन.